धूप दाखवा

"नंदा, त्या धुरानं माझेच डोळे चुरचुरतात. सायलीला आतल्या खोलीत ठेव," असं हे म्हणाले होते. "देवाचा धूर बाधत नसतो," म्हणून मीच त्यांना गप्प केलं. मी, बी.एस्सी. झालेली.

आमच्या मागच्या भिंतीला लागूनच यज्ञेश्वर महाराजांची धुनी. ओंडके दिवसभर धुमसायचे. गल्लीत नुकतं केबल आलं होतं, तरी गर्दी धुनीवरच. खोकणारी तान्ही पोरं घेऊन बाया रांगेत उभ्या. महाराज डब्यातलं मूठभर काहीतरी निखाऱ्यांवर टाकत, पोर धुरावर धरत. ते ठसकून काळंनिळं झालं की म्हणत, "देखो माताओं, बाधा बोल रही है. पाँच दिन शिप्रा के उस पार रखो."

आणि पोरं खरंच बरी होऊन येत. आठवड्यात पुन्हा खोकत. "बाधा ने घर देख लिया है," महाराज सांगत.

"बाधेला पत्ता बरा पाठ झाला," हे म्हणाले. मी रागावले.

सायली आठ महिन्यांची, किरकोळ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "कमज़ोर है, रोज़ सुबह धूप दिखाओ." कऱ्हाडहून ह्या हिंदी मुलखात येऊन मला जेमतेम दीड वर्ष झालेलं. धूप आम्ही देवाला दाखवतो. तसाच पोरीला दाखवू लागले, धुनीसमोर उभी राहून.

एका सकाळी तिनं दूध तोंडात धरलं नाही. नाकपुड्या फुलत होत्या, श्वासागणिक फासळ्यांखाली खड्डा पडत होता. रिक्षात मी तिचे श्वास मोजत होते आणि आकडा चुकत होता.

"धूप दिखाई?" डॉक्टरीणबाईंनी तपासता तपासता विचारलं.

"रोज. महाराज की धुनी पे, आधा घंटा."

बाईंचा हात थांबला. त्यांनी पडदा सरकवला. टेबलावर ऊन पडलं.

"धूप ये है, बेटा." मग हलकेच म्हणाल्या, "नदी पार बच्चे ठीक होते हैं, क्योंकि वहाँ वो धुआँ नहीं है."

चार दिवस ऑक्सिजन लागला. सायली वाचली, छाती अजून घरघरते. ह्यांनी महाराजांचा डबा सगळ्यांसमोर उघडला: मिरचीचं बी आणि ओला भुसा. तरी शेजारची सुलू म्हणते, "नजर तर उतरते ना, वहिनी?" तिचं पोर तीन महिन्यांचं आहे.

लाकडाचा धूर देवाचा असो की चुलीचा, त्याची बारीक काजळी इवल्या छातीत उतरतेच. तुमच्या शेजारी धुरात वाढणारं तान्हं असेल, तर आजच जा. त्याचं झबलं वर करा आणि मिनिटभर फासळ्या बघा.