वाफ्याच्या कोपऱ्यातले नऊ

अनसिंग गावात आकडेबाबाच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा माईकवर गरजत होता. मनात कोणताही आकडा धरा, बायकोलाही सांगू नका. त्यात तीन मिळवा. येईल त्याला त्यानंच गुणा. आता मनातल्या आकड्याला त्यानंच गुणून ते वजा करा, मग मनातल्या आकड्याची सहापटही वजा करा. माणसं मोबाईलवर बोटं आपटत होती. आणि घ्या, शंभर जणांचे शंभर आकडे, उत्तर मात्र सगळ्यांचं नऊ! नऊ आले म्हणजे दुखणं देवीनं अंगावर घेतलं, आता औषध घ्याल तर तिचा अपमान. वा रे देवी, आणि वा रे तिचा हिशेबनीस!

हौसाबाईलाही नऊच आले. तिच्या लहानग्या शिवमला फिट यायची. गोळी चुकवायची नाही, असं वाशीमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पण दवाखाना करकरून बाई पार खचली होती. देवी ओझं उचलते म्हटल्यावर तिला रडूच फुटलं, आणि सगळ्या गोळ्या तिनं बाबाच्या धुनीत टाकल्या. दोन दिवसांत पोराला फिटवर फिट येऊ लागली. बाबा म्हणाला, देवी परीक्षा पाहते आहे.

थोरली सुप्रिया नववीत. तिनं क्ष धरून कंस सोडवला. क्षचा वर्ग वर्गात गेला, सहा क्ष सहा क्षमध्ये गेले, उरले नऊ. आईला ओ की ठो कळेना. तुह्या पुस्तकापरीस देवी मोठी हाये, म्हणाली.

मग पोरीनं तिला हाताला धरून मळ्यात नेलं. कांद्याची लागवड चालू होती, आणि वाफा म्हणजे हौसाबाईचा हातखंडा. आईच्या मनातला आकडा होता सात. सुप्रियानं सात ओळी मांडल्या, ओळीत सात रोपं. मग तीन मिळवले, म्हणजे लांबीला तीन आणि रुंदीला तीन ओळी वाढवल्या. आता जुना सातासाताचा चौकोन उचलला. मग बाजूच्या तीन ओळी आणि खालच्या तीन ओळी, सात-सात रोपांच्या. ही झाली साताची सहापट. कोपऱ्यात तीन बाय तीनचा तुकडा उरला.

"आकडा कोणताबी धर, आई. वाफा लहानमोठा होईन, पण हा कोपरा त्या तीनचा हाये. त्याले तुह्या मनातलं काहीच ठाऊक नाही."

हौसाबाईनं पाच धरून स्वतः मांडून पाहिलं. नऊच उरले.

"माय वो, म्या माह्या हातानं लेकराचं औषध जाळलं."

मिळेल त्या जीपनं मायलेकी पोराला घेऊन वाशीमला धावल्या. सुया दिल्यावर फिट थांबली, पण शिवम डोळे उघडेना. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू. तिथूनच हौसाबाईनं शेजारणीला, रुपाबाईला, फोन लावला. रुपाबाईचा नवरा साखरेच्या, म्हणजे इन्सुलिनच्या, सुईवर होता आणि ती बाबाच्या मांडवात जाऊन बसली होती.

"रुपाबाई, तुलेबी नऊच येतीन. देवी नसली तरी येतीन, बाबा नसला तरी येतीन. भाऊजीची सुई बंद करू नको. नऊ कसे आले थे आधी इचार, मंग पाया पड. मी आधी पाया पडली."