धरलेली जागा

"दोन कागदं कशाला, बाई? आमी दोघं म्हंजे येकच हाय," असं म्हणत झिलूने काउंटरवरच्या मुलीने पुढे केलेले दोन्ही बोर्डिंग पास पुन्हा तिच्याकडे सरकवले.

मुलीने ते परत त्याच्याकडे सरकवले. "एक तुमकां, एक भुरग्याक. तुमची सीट पांचव्या रांगेंत, तिची एकुणिसाव्या. विमान भरलां, आजोबा. ह्योच दोन सीटी उरल्यात."

कोकणी न कळण्याची सोय झिलूला नव्हती. कॅसलरॉकच्या फलाटावर जन्म काढलेल्या माणसाला मराठी, कन्नड, कोकणी तिन्ही सारख्याच येतात. त्याने कडेवरच्या केशरकडे पाहिलं. नुकतीच दोन वर्षांची झालेली त्याची नात त्याच्या शर्टाचं बटण तोंडात धरून बसली होती. ही एकटी एकोणिसाव्या रांगेत? घरी आज्जा परसात गेला तरी दाराशी उभी राहून रडून ही गाव गोळा करायची.

"आवो, म्या मांडीवर घेतो की. तिला खुर्ची कशाला?"

"दोन वर्सां जाल्यार सीट जायच. भितर गेल्यार कोण तरी बदलून दितलो," मुलगी म्हणाली आणि त्याच्या खांद्यावरून मागच्या माणसाकडे पाहू लागली.

दोन वर्षं झाली की खुर्ची हवीच, आणि आत गेल्यावर कुणीतरी जागा बदलून देईल. या 'कुणीतरी'वर विश्वास ठेवायला झिलू काही कालचा नव्हता. बसलेला माणूस उठत नाही, ही गोष्ट त्याच्याइतकी साऱ्या जोयडा तालुक्यात कुणाला ठाऊक नसेल, कारण त्याचं पोटच त्या गोष्टीवर चालत होतं.

झिलू कॅसलरॉक स्टेशनावरचा हमाल. गोव्यात पोर्तुगीज होते तेव्हा जकातीसाठी इथे अख्खी गाडी रिकामी व्हायची आणि हमालाला मान वर करायला फुरसत नसे. पुढे गोवा मोकळा झाला, जकात गेली आणि लोकांची ओझी गाडीतल्या गाडीतच राहू लागली. तेव्हा झिलूने दुसरा धंदा काढला, जागा धरायचा. लोंढ्याकडून गाडी यायची ती खच्चून भरलेली. ती थांबायच्या आत झिलू डब्यात चढलेला असे. कोण चपला शोधतंय, कोण वरची वळकटी खाली ओढतंय, हे तो एका नजरेत हेरायचा, आणि उठणाऱ्याची पाठ सरळ होईपर्यंत बाकावर याचा लाल काठांचा टुवाल पडलेला असायचा. मग खिडकीतून आरोळी, "पाव्हणं, या! जागा हाय!" बाळंतिणी, दवाखान्याला निघालेले म्हातारे, लग्नाची वऱ्हाडं, सगळी त्या टुवालावर बसून घाट उतरून वास्कोला गेली होती.

त्या टुवालाला इज्जत होती. पाय पसरायला मिळावे म्हणून "येतोय, येतोय" असं खोटंच सांगत अर्धा बाक अडवणारे लोक प्रत्येक गाडीत असतात. झिलूने ते कधी केलं नाही. "मागं माणूस नसंल तर टुवाल टाकू ने," तो म्हणायचा. "उभ्या माणसाचा तळतळाट लागतो." त्यामुळे तो लाल काठ दिसला की भांडकुदळ माणूससुद्धा मुकाट्याने पुढचा बाक बघायचा.

आणि आज हाच झिलू दोन हातांत दोन पास धरून गोव्यातल्या दाबोळीच्या विमानतळावर घामाघूम होऊन उभा होता. चूक त्याचीच होती. सकाळपासून तो नातीला घेऊन बाहेर झाडाखाली बसून आभाळाकडे बघत होता. गाडी दिसल्याशिवाय फलाटावर जाऊन करायचं काय, हा त्याचा हिशोब. शेवटी एका टॅक्सीवाल्याने विचारलं, कुठल्या विमानाने निघालात, आणि कपाळावर हात मारून त्याला आत पिटाळलं. तोवर बाकीच्यांनी आपापल्या जागा घेऊन टाकल्या होत्या. जाता जाता तो टॅक्सीवाला गमतीने म्हणाला होता, "पोर रडलं तर खाली उतरवतात हं!" झिलूने ते खरंच धरलं होतं.

उतरवलं तर संपलंच. केशरची आई, म्हणजे झिलूची लेक तुळजा, मस्कतला एका म्हाताऱ्या शेखकडे नर्स होती. जावई तिथेच ड्रायव्हर. पोर अंगावर पीत होती तेव्हाच तिला आजोळी ठेवून तुळजा गेली, कारण तिथे मूल ठेवायची सोय नव्हती. आता खोली मिळाली होती, पोरीचे कागदपत्र झाले होते. शेखला उपचारांसाठी मुंबईला आणलं होतं, त्याच्याबरोबर तुळजा आली होती, आणि परत जाताना ती केशरला घेऊन जाणार होती. झिलू पुढच्या आठवड्यात सावकाश आगगाडीने निघायचा होता. पण काल तार आली. शेख उद्या रात्रीच परत निघतो आहे, तिकीट वास्कोच्या एजंटाकडे ठेवलं आहे, विमानाने या. तिकीट एकाच माणसाचं. कडेवरच्या पोरीचं काढायला लागतं हे तिकडे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. वास्कोच्या एजंटाने तिचं वय विचारलं. आगगाडीत सात वर्षांची पोरं चार वर्षांची होऊन प्रवास करतात हे जन्मभर पाहिलेल्या झिलूची जीभ विमानाच्या धाकाने खरं बोलून गेली. म्हणून तिकीट वेगळं आणि आता खुर्चीही वेगळी.

आज पोर पोचली नाही तर तुळजा रिकाम्या हाताने जाणार. पुढची सुटी कधी, ते त्या शेखलाच ठाऊक.

"आज्जा, घरी," केशर म्हणाली.

झिलूने टुवालाने तिचं तोंड पुसलं. खरं सांगायचं तर त्याच्या मनाच्या तळाशी एक नालायक विचार सकाळपासून वळवळत होता. चुकलं विमान तर पोर आपल्याकडेच राहील. आपण काही मुद्दाम केलं नाही, कुणी बोल लावणार नाही. त्याने स्वतःलाच मनातल्या मनात एक शिवी हासडली. बायको रुक्मिणी स्टेशनवर पोचवायला आलीच नव्हती. चुलीपुढे पाठ करून बसली आणि तिथूनच म्हणाली, "निजवून द्या तुळजीच्या हातात. जागी दिऊ नगा. मला न्हाई बाई ऐकवणार." जणू तिकडे मुंबईत पोर रडली तर इकडे कॅसलरॉकला ऐकू येणार होतं.

विमानाकडे जायचं दार उघडणार म्हटल्यावर झिलूने जन्मभर केलं तेच केलं. दाराला नाक लावून उभा राहिला. केशरला डाव्या कडेवर घट्ट आवळलं, टुवाल उजव्या हातात गुंडाळला आणि दार उघडताच धूम ठोकली. मोकळ्या मैदानातून एक साठीचा माणूस नातीला घेऊन विमानाच्या दिशेने पळतो आहे हे बघून शिपाई ओरडला, "ओ काका! पळू नका! विमान जात नाही कुठं!" केशरला गंमत वाटून ती खिदळत होती.

आत शिरल्या शिरल्या त्याला दोन रिकाम्या खुर्च्या शेजारी शेजारी दिसल्या. टुवाल सपकन पडला. त्यावर केशर, शेजारी झिलू. जिंकलो, असं म्हणून त्याने धापा टाकत कपाळ पुसलं.

जिंकल्याचं सुख फार टिकलं नाही. सफारी सूट घातलेले एक गृहस्थ हातातला पास पुन्हा पुन्हा बघत समोर उभे राहिले. "अहो, ही माझी सीट आहे. उठा."

"साहेब, टुवाल हाय न्हवं," झिलू नम्रपणे म्हणाला.

"टॉवेल?"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. हवाई सुंदरी लगबगीने आली. तिला मराठी येत होतं आणि ती काही वाईट बाई नव्हती, पण तिला घाई होती. "बाबा, इथे टॉवेल टाकून जागा मिळत नाही. नंबर असतो. तुमचे पास बघू." तिने पास पाहिले आणि तिच्याही कपाळाला आठी पडली. "बेबी मागे आणि तुम्ही इथे? असं कसं दिलं?"

"त्येच म्या इचारत हुतो."

पाचव्या रांगेत, झिलूच्या खुर्चीशेजारी बसलेल्या माणसाला तिने विचारलं, आपण मागे जाल का? त्याने लांब पाय दाखवले आणि वर्तमानपत्र उघडलं. सफारी सूटवाल्यांनी, आपण खिडकी मागून घेतली आहे, एवढंच सांगितलं. मागे जिन्यावर माणसं खोळंबली होती. सगळे आपल्याकडे बघताहेत हे झिलूला कळत होतं. त्याची कानशिलं तापली. दुसऱ्यासाठी जागा मागताना ज्याचा आवाज इंजिनाच्या वर चढायचा, त्याला आज स्वतःसाठी तोंडातून एक शब्द काढता येईना. त्याने नुसता टुवाल उचलला. आज्जाचा चेहरा बघून केशरचा ओठ बाहेर आला आणि तिने भोकाड पसरलं.

आता उतरवणार. "रडू नगं, माजे बाय, रडू नगं," असं पुटपुटत तो हवाई सुंदरीच्या मागून चालू लागला. सातवी रांग, दहावी, चौदावी. मागच्या दाराने लोक कधीच चढले होते. प्रत्येक खुर्चीत माणूस, आणि प्रत्येक माणूस घट्ट बसलेला.

एकोणिसाव्या रांगेत केशरच्या रिकाम्या खुर्चीशेजारी झगा घातलेली एक जाडजूड म्हातारी बसली होती. तिला काही विचारावंच लागलं नाही. पोरीचं रडणं तिने पाचव्या रांगेपासून ऐकलं होतं. पायांशी ठेवलेली काजूंची पिशवी उचलून ती कण्हत उठली. "तूं बस हांगा, नाती वांगडा. हांव वतां फुडें."

"आई, तुमचं लई उपकार झालं."

"उपकार कसले रे? बस बेगीन," असं म्हणून ती डुलत डुलत पुढे गेली.

झिलू बसला. केशरच्या कमरेला पट्टा बांधून हवाई सुंदरी गेली तेव्हा ती एवढीशी पोर त्या एवढ्या मोठ्या खुर्चीत हरवल्यासारखी दिसत होती. तिचे पाय खुर्चीच्या कडेपर्यंतही पोचत नव्हते. झिलूने टुवालाची घडी करून तिच्या मानेखाली सारली आणि तिचा हात धरून ठेवला.

विमान घरघरलं. केशर रडायची थांबली. स्टेशनाशेजारी वाढलेली पोर ती, गाडी निघायच्या आधी काय होतं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"आज्जा, शिट्टी?"

"मारंल, मारंल."

विमान धावू लागलं तरी शिट्टी झाली नाही. केशरचा ओठ पुन्हा बाहेर येऊ लागला. तेव्हा झिलू तिच्या कानाशी वाकला आणि घाटातल्या इंजिनासारखी, पण हळूच, शिट्टी घातली, "कूऽऽऽ!" पलीकडच्या माणसाने चमकून पाहिलं. पाहू दे. केशर हसली, आणि खालची जमीन सुटली तेव्हा तिला ते समजलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने टुवालाचा काठ मुठीत धरून ती झोपी गेली. झिलूला खिडकीतून समुद्र दिसत होता, पण त्याने उरलेला प्रवासभर समुद्राकडे पाहिलं नाही.

मुंबईला तुळजा बाहेरच उभी होती. पांढऱ्या कपड्यांत, वाळलेली. मागे भाड्याची मोटार चालू ठेवून तिचा ड्रायव्हर वाट बघत होता. शेखला दवाखान्यात एकटं टाकून आलेली, तिला थांबायला सवड नव्हती. तिने बापाच्या पायाला हात लावला आणि पोरीकडे बघतच राहिली. "केवढी झालीया!"

"निजलीया. हळू घे."

झिलूने केशर तिच्या हातात दिली. टुवालही बरोबर गेला, कारण पोरीने मूठ सोडली नव्हती. तुळजा तिची बोटं सोडवू लागली.

"ऱ्हाऊ दे," झिलू घाईने म्हणाला. "उठंल."

"बाबा, मला वळखंल न्हवं ही?"

"वळखंल की. तुजीच हाय." मग तो म्हणाला, "रडाय लागली तर कानात शिट्टी घाल. आगीनगाडीची."

तुळजाने मान हलवली. मोटार गेली. पोर जागी झाली नाही, रुक्मिणीने सांगितलं होतं तसंच झालं, म्हणून झिलू रडत रडत देवाचे आभार मानत राहिला.

परतीला तो आगगाडीने निघाला. मिरजेला गाडी बदलायची होती. फलाटावर ही गर्दी. लहान रुळांची गाडी आत आली, अजून थांबली नव्हती, तोच झिलू सवयीने डब्यात चढलेला होता. खिडकीची जागा त्याने पकडली आणि शेजारच्या जागेसाठी हात आपोआप खांद्याकडे गेला. खांद्यावर टुवाल नव्हता. तेव्हा त्याने आपला पंजाच त्या लाकडी बाकावर पसरून ठेवला.

डबा भरला. एक माणूस पिशवी सावरत त्याच्यापुढे येऊन उभा राहिला. "मामा, हितं कोण हाय काय?"

झिलूने त्या माणसाकडे पाहिलं. दमलेला दिसत होता बिचारा. मग त्याने आपल्या पंजाखालच्या जागेकडे पाहिलं. मोठ्या माणसाला ती अपुरीच पडली असती.

"हाय," झिलू म्हणाला.

"कुटं गेलंय?"

"यील."

तो माणूस कडीला धरून उभा राहिला. उभ्या माणसाचा तळतळाट लागायचा तर लागू दे, असं म्हणून झिलूने तोंड खिडकीकडे फिरवलं. इंजिनाने शिट्टी घातली, गाडी हलली, बेळगाव मागे पडलं, खानापूर मागे पडलं. झिलूने बाकावरचा हात उचलला नाही.