गरम पेटीतली पिल्लं

प्रयोगशाळेत सरड्यांची अंडी उबवायचं काम माझ्याकडे आहे. एकाच मादीची अर्धी अंडी थंड पेटीत, अर्धी गरम पेटीत. पिल्लं निघाली की ब्रशनं डिवचून त्यांना फळीवर पळवायचं. थंड पेटीतली सुसाट सुटतात, गरम पेटीतली अर्ध्यातच बसकण मारतात.

घरी आईनं नेहमीचं सुरू केलं, "थोरली बघ कशी चलाख. तूच अशी मंद कशी गं निपजलीस?"

"माझ्या वेळी तू कामावर जायचीस?"

"थोरलीच्या वेळी घरीच होते. तुझ्या वेळी काचेच्या भट्टीवर, अगदी शेवटपर्यंत. का गं?"

"सहज विचारलं."

सकाळी मी गरम पेटीचं बटण दोन अंश खाली आणलं. सरांचा प्रयोग गेला खड्ड्यात. मग आत पाहिलं, तर या खेपेचं पहिलं पिल्लू अंड्यातून डोकं बाहेर काढून बसलं होतं.