परत आला म्हणून लहान पदक

शत्रूच्या तोंडचं पाणी पळवून आलेला पाणबुडीचा कमांडर सकाळपासून आईसमोर मान खाली घालून बसला होता. घरात त्याला घुम्या म्हणत. लहानपणी कितीही मार खाल्ला तरी चकार शब्द काढायचा नाही, म्हणून आईनंच ठेवलेलं नाव. पुढे नौदलात हाच गुण कामी आला. पाणबुडीत बडबड्या माणसाचा काय उपयोग?

भानगड अशी होती, की घुम्याला देशातलं सर्वांत मोठं शौर्यपदक मिळालं होतं आणि ते मरणोत्तर होतं. म्हणजे तो मेला म्हणून दिलं होतं. आणि घुम्या तर खुर्चीत बसून चहात बिस्कीट बुडवत होता.

याला जबाबदार तोच. शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी जाऊन त्यानं दारूगोळ्यानं भरलेलं जहाज बुडवलं. मग शत्रूच्या नौका अशा खवळल्या, की वरून बॉम्बवर बॉम्ब. घुम्यानं पाणबुडी तळाच्या चिखलात नेऊन बसवली. तरी मारा थांबेना, तेव्हा त्यानं टॉर्पेडो सोडायच्या नळीत जळकं तेल, फाटके शर्ट, स्वयंपाक्याचा लाकडी डाव आणि शेवटी स्वतःची टोपी भरली आणि सगळं वर सोडून दिलं. डावासाठी स्वयंपाक्यानं मोठं आकांडतांडव केलं, पण आवाज करायची बंदी होती म्हणून तेही कुजबुजत. वरच्यांना वाटलं, संपली पाणबुडी. त्यांनी टोपीचा फोटो पेपरात छापला आणि हात झटकून घरी गेले.

तो फोटो आपल्या लोकांनीही पाहिला. टोपीच्या अस्तराला आईनं घातलेली वेडीवाकडी टीप त्यात स्वच्छ दिसत होती. नौदलाच्या माणसांनी फोटो समोर धरला, तेव्हा आईनं नुसती मान हलवली आणि दाराची चौकट धरून खाली बसली. घुम्या एका निर्जन बेटाआड इंजिन दुरुस्त करत बसला होता. बिनतारी यंत्र उघडलं तर शत्रूला पत्ता लागला असता, म्हणून ते बंदच. तो लंगडत लंगडत परत आला तोवर पदक देऊनही झालं होतं. देशाच्या प्रमुखांनी स्वतःच्या हातानं ते आईच्या हाती ठेवलं होतं.

आणि आज पदक खात्याचे साहेब ते परत न्यायला आले होते.

"मावशी, नियमच तसा आहे," साहेब तिसऱ्यांदा म्हणाले. "हे मरणोत्तर. जिवंत माणसाला याच्या खालचं मिळतं."

"म्हणजे मेला असता तर मोठं आणि परत आला म्हणून लहान?" आई म्हणाली. "परत येणं काय सोपं काम होतं? विचारा त्याला. ए घुम्या, सांग की!"

घुम्यानं बिस्किटाचा बुडालेला तुकडा चमच्यानं शोधायला घेतला.

"आई, देऊन टाक गं," तो शेवटी म्हणाला. "माझं मिटत नाही म्हणून बाकीच्यांची पदकं अडकलीत. इंजिनवाल्याचं, स्वयंपाक्याचं, सगळ्यांचं."

"त्यांची द्या ना, कोण नको म्हणतंय? माझं का नेता?" आई साहेबांकडे वळली. "तुमच्या कागदावर विश्वास ठेवून मी याचे कपडे वाटले, सायकल दिली. याचा लोकरीचा कोट खालच्या घड्याळजीला दिला. तो आणून द्या आधी. मग पदकाचं बोलू."

साहेब आणि घुम्या मुकाट्यानं खाली गेले. घड्याळजीनं घुम्याला पाहून दुकानाच्या फळीवरून उडीच मारली, गळ्यात पडला, डोळे पुसले. "तुम्ही आलात, फार आनंद झाला!" असं म्हणत त्यानं अंगातल्या त्या कोटाची सगळी बटणं लावून घेतली.

"दिलेली वस्तू कुणी परत मागतं का?" तो साहेबांना म्हणाला. ते काम तर साहेब स्वतःच करत होते.

दोघे हात हलवत वर आले. आईनं कपाटाच्या काचेआडचं पदक पदरानं पुसलं आणि काच पुन्हा लावली. घुम्या नव्हता त्या महिन्यांत तिचे केस पार पांढरे झाले होते. चिखलात बसून त्यानं शत्रूला बनवलं, त्यात आईही बनली, हे त्याला कुठल्याच पदकानं विसरता येणार नव्हतं.

साहेबांच्या नाकी नऊ आले होते. त्यांनी कपाळ पुसलं आणि अगदी थकून म्हणाले, "मावशी, ठेवायचं तर ठेवा. पण एक समजून घ्या. हे पदक तुमच्याकडे आहे तोवर आमच्या दप्तरी तुमचा मुलगा वारलेला आहे."

आई उठली. तिनं काच सरकवली, पदक काढलं, डबीत घातलं, फीतसुद्धा कोंबली.

"न्या," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता न्या."

"अहो, चहा तरी..."

"चहा राहू द्या! उठा आधी. थांबा, आधी ते कागद काढा. माझ्यासमोर लिहा, जिवंत आहे म्हणून."

साहेबांनी दारातच उभ्या उभ्या, गुडघ्यावर बॅग टेकवून लिहिलं. आईनं ते डोळ्यांजवळ धरून वाचलं. "अक्षर जरा मोठं काढा," ती म्हणाली. साहेबांनी पुन्हा गिरवलं. तेव्हा कुठे तिनं डबी त्यांच्या हातात दिली. दुसऱ्या हातानं तिनं घुम्याचं मनगट घट्ट धरलं होतं, इतकं की त्याची बोटं बधिर व्हायला लागली. त्यानं हात सोडवून घेतला नाही.

साहेब चार पायऱ्या उतरले आणि सुटल्यासारखे वळून म्हणाले, "काळजी करू नका मावशी, याच्या खालचं पदकही काही कमी नाही. चांगलं मोठं असतं."

आई कठड्यावरून खाली वाकली.

"मोठं कशाला हो?" ती ओरडली. "असेल त्यातलं सगळ्यात लहान द्या! अगदी बारीकसं द्या!"