गोलच्या जाळीतला समुद्राचा वाटा

मी एक जुनी जाळी आहे, मित्रांनो. हल्ली मी झुल्मिरामावशीच्या परसात, कोबीच्या वाफ्यावर अंथरलेली असते. काळे पक्षी येतात, मान तिरकी करून माझ्याकडे बघतात आणि हिरमुसून उडून जातात. माझा रंग मूळचा पांढरा होता, हे आता सांगूनही कोणाला पटायचे नाही. पण एका हिवाळ्यात मी गोलच्या खांबांना बांधलेली होते आणि सगळे कोवेला गाव श्वास रोखून माझ्याकडे पाहत होते.

कोवेला म्हणजे पोर्तुगालच्या किनाऱ्यावरचे मच्छीमारांचे गाव. फुटबॉलचे मैदान अगदी समुद्राला खेटून आहे. नोव्हेंबरात वादळ आले आणि समुद्राकडच्या गोलची जाळी फाटून लाटांबरोबर निघून गेली. दुसरी मागवली, ती वेळेत येईना. तेव्हा क्लबचे अध्यक्ष बेल्मिरो टोपी हातात घेऊन धक्क्यावरच्या कोठीत आले. तिथे बायका मासेमारीची जाळी विणत बसल्या होत्या.

"झुल्मिरामावशी, गोलची जाळी विणून द्याल का? रविवारी मॅच आहे."

"सार्डिन मासे धरायचे की चेंडू?" मावशीने मान वर न करताच विचारले.

"चेंडू हो, मावशी."

"मग जाळीची घरं मोठी ठेवते. आणि तुमच्या पोरांचे चेंडू जाळीपर्यंत येतात कुठे? जन्मभर टिकेल बघा."

बायका खो खो हसल्या. बेल्मिरोही हसले, पण त्यांना घाम फुटलेला होता. असा माझा जन्म ठरला.

मावशीच्या लाकडी सुईतून मी गाठ गाठ करत वाढू लागले. तिच्या मांडीवर पडल्या पडल्या मी सगळे ऐकत असे. त्या वर्षीच्या लीगच्या चषकाचीच चर्चा चालायची. हा चषक घरातल्या धाकट्या भावंडासारखा, जुन्या मोठ्या स्पर्धांनंतर उरलेले कौतुक त्याच्या वाट्याला येते. लिस्बनचे मोठे संघ त्यात राखीव पोरे उतरवतात आणि हरले तर खांदे उडवतात. पण आमच्यासारख्या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबला तोच दसऱ्याचे सोने. उन्हाळ्यात कोवेलाने दोन फेऱ्या कशाबशा पार केल्या होत्या. आता गटातला शेवटचा सामना लिस्बनच्या बलाढ्य संघाशी होता. जिंकलो तर उपांत्य फेरी. बरोबरी झाली तरी बाहेर.

संघाचा कप्तान आदेरितो म्हणजे झुल्मिरामावशीचा मुलगा. गुडघे पार गेलेले, मे महिन्यात बूट खुंटीला टांगायचे ठरलेले. बाप म्हणायचा होडीवर ये, हा गेला मैदानावर. बाप गेला तेव्हाही मनात ती अढी घेऊनच गेला. मोठ्या संघाविरुद्ध आदेरितोच्या नावावर एकही गोल नव्हता. मावशी कधी बोलून दाखवत नसे, पण त्याचे नाव निघाले की तिची गाठ जरा जास्तच घट्ट बसायची. ते फक्त मला कळत होते.

आता आमच्या गावची एक रीत सांगते. नवीन जाळे विणताना एक घर गाठ न मारता उघडे ठेवायचे, म्हणजे तिथे मोठे भोक राहते. तो समुद्राचा वाटा. पहिली मासळी हाती आली, की मगच ते घर गाठ मारून बंद करायचे. त्याआधी बंद केले तर समुद्र रुसतो म्हणतात. शेवटच्या दिवशी मावशीने माझेही एक घर सोडले. शेजारी बसलेल्या कुस्तोदियाने कपाळावर हात मारला.

"अगं, गोलच्या जाळीला कसला समुद्राचा वाटा? चेंडू जाईल की त्यातून!"

"जाळी ती जाळी. आणि मी काय खुळी आहे? पार वरच्या कोपऱ्यात ठेवलंय. पहिला गोल झाला की लगेच बांधते."

"आणि तिथंच मारला तर?"

"कोण, आमचा आदेरितो? तो सगळे चेंडू गोलकीपरच्या पोटात मारतो. तिथं मारायला त्याचं नशीब वेगळं असायला हवं."

रविवारी सकाळी मला खांबांना बांधले. लीगचा माणूस आला, त्याने माझी खालची कड ओढून पाहिली आणि पुढे गेला. वरचे घर मिटलेल्या पापणीसारखे लोंबत होते, ते कोणाच्या नजरेस पडले नाही. दुपारी माणसे जमली. मक्याचा पाव आणि भाजलेल्या सार्डिनचा वास सुटला. वारा आला तशी मी फुगले, आणि मित्रांनो, खरे सांगते, मला वाटले मी पाण्यातच आहे. माझ्या थोरल्या बहिणी खोल समुद्रात झुलतात, तशीच मीही झुलते आहे.

उत्तरार्धात धुके आले. आमच्याकडे ते समुद्रावरून येते, मुकाट्याने येते आणि सगळ्यांच्या खांद्यांवर बसते. समोरची प्रेक्षकांची रांग दिसेनाशी झाली. खेळाडू कुठून तरी उमटायचे आणि कुठे तरी विरघळायचे. आवाजही कापसातून आल्यासारखे येत होते. मला गुंगी आली. अजून गोल कुणाचाच नव्हता आणि सामना संपत आला होता.

तेवढ्यात धुक्यातून आदेरितो निघाला. लंगडत होता. समोर चेंडू आला तसा त्याने न थांबता, न बघता पाय घातला. तो फटका त्याच्या पायातून कसा निघाला, देव जाणे. चेंडू उठला, वळला आणि थेट वरच्या कोपऱ्यात आला. गोलकीपरची बोटे नुसती हवेला लागली. चेंडू माझ्यात शिरला. उघड्या घराच्या दोन्ही कडांना तो घासला, त्याची ऊब मला कळली, आणि दुसऱ्या क्षणी तो पार होऊन मागच्या वाळूत पडला.

मी हललेसुद्धा नाही. जाळी हलली नाही आणि चेंडू मागे पडलेला. धुक्यातून धावत आलेल्या पंचांना जे दिसले ते एवढेच. त्यांनी हात केला, म्हणजे चेंडू बाहेरून गेला, गोल नाही.

"आत होता! आत होता!" आदेरितो ओरडत होता. पण आत होता तर जाळीत का नाही, असे पंच विचारत होते. लिस्बनचा गोलकीपर कोवळा पोरगा होता, बहुधा त्याचा पहिलाच सामना. त्याने एकदा वर माझ्याकडे पाहिले, मग खाली पाहिले आणि घाईघाईने चेंडू आणायला गेला.

मी ओरडत होते, मित्रांनो. पण जाळीचा आवाज कोणाला ऐकू जातो?

उत्तर एकाच बाईला ठाऊक होते. झुल्मिरामावशी माझ्याच मागच्या बाकावर उभी होती, पदराच्या जागी एप्रनचे टोक तोंडात धरून. बोलावे तर साऱ्या गावासमोर कबूल करायचे, की पोराचा गोल आईच्या हातानेच गिळला. बेल्मिरो तिला विचारत होते, "मावशी, तुम्हाला दिसलं का हो काही?" तिने एप्रनचे टोक आणखीच घट्ट चावले. मग ती माणसांना ढकलत कठड्यापाशी धावली.

"गोल आहे! भोक माझं आहे! मी ठेवलंय ते!"

तोवर गोलकीपरने चेंडू दूर लाथाडला होता. पंच तिच्याकडे आले, त्यांनी माझे उघडे घर बोटाने ताणून पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला.

"खेळ पुन्हा सुरू झाला, बाई. आता मला काही करता येत नाही. थोडं आधी बोलायला हवं होतं."

सामना बरोबरीत सुटला. कोवेला चषकाबाहेर गेले.

आदेरितो माझ्या खांबाला टेकून बसला होता. मावशी आली आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"कुठं ठेवलं होतंस भोक?" त्याने विचारले.

तिने वर बोट दाखवले.

"तिथं? का, मी तिथं मारणार नाही असं वाटलं तुला?"

"मग? मारलास कधी जन्मात?"

आदेरितो हसायला लागला. हसता हसता त्याने चेहरा गुडघ्यांत घातला आणि त्याचे खांदे हलू लागले. मावशी त्याच्याशेजारी चिखलातच बसली आणि त्याच्या घामट केसांवरून हात फिरवत राहिली. बापाचे नाव कोणी काढले नाही, पण ते दोघांच्याही मनात होते, हे मला जाणवत होते.

मग ती उठली. एप्रनच्या खिशातून तिने सुई काढली आणि कुस्तोदियाकडून एक बाक मागवला. गाव अजून रेंगाळत होते. मावशी बाकावर चढली, आणि सगळ्यांच्या देखत तिने माझे ते उघडे घर बांधून टाकले. पहिली मासळी मिळाल्याशिवाय आमच्याकडे ते घर कोणी बांधत नाही, आणि झुल्मिरामावशी तर मेली तरी बांधणार नाही. तिने बांधले, म्हणजे गोल झाला होता. प्रथम बेल्मिरोंनी टोपी काढली. मग टाळ्या सुरू झाल्या. धुक्यात माणसे दिसत नव्हती, नुसत्या टाळ्या येत होत्या, समुद्राच्या बाजूनेही आल्यासारख्या वाटत होत्या. आदेरितो उभा राहिला आणि गोल केलेला माणूस हात वर करतो तसा त्याने हात वर केला.

पुढच्या आठवड्यात बाहेरून मागवलेली जाळी आली. मला काढून कोठीत टाकले. उंदरांनी माझी एक कड खाल्ली, दमट हवेने दोर कुजवले. बरीच वर्षे कोणी माझ्याकडे फिरकले नाही. शेवटी मावशीनेच मला ओढत घरी आणले. आता आदेरितो येतो, आईच्या कोबीला पाणी घालतो आणि माझ्या फाटक्या जागा सांधतो. त्याच्या गाठी वेड्यावाकड्या येतात. मावशी खिडकीतून ओरडते, "अरे, बापाला दाखवली असतीस ही गाठ तर होडीतून खाली ढकललं असतं त्यानं!" आणि तो आनंदाने पुन्हा सोडून बांधतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू अशा कोपऱ्यात फेकू नका. त्यांनी काय काय पाहिलेले असते, ते तुम्हाला कुठल्याच निकालात सापडणार नाही. आणि जे खरे दिसले, ते वेळेवर बोलून टाका. मला तोंड नव्हते. तुम्हाला आहे.