हिम्मतरावांचा गुट्टा आणि योगिनीची गाडी

हिम्मतरावांनी ठोकून बघितली नाही अशी वस्तू बरकतपुऱ्यातल्या त्या गल्लीत नव्हती. कलिंगड असो, पितळी घागर असो, व्याह्यांच्या घरचं सागवानी दार असो. मधलं बोट वाकवून ठक्कन वाजवणार, कान देऊन आवाज ऐकणार आणि मगच तोंड उघडणार. देगलूरकडची शेती भावांवर सोपवून तरुणपणी ते हैदराबादेत आले, राणीगंजात पंप आणि ऑइल इंजिनांचं दुकान टाकलं आणि उभी हयात गिऱ्हाइकांना एकच सांगितलं, की जड माल घ्या, नातू वापरतील. दुकान आता मुलाकडे, हर्षवर्धनकडे होतं, पण ठोकायची सवय काही सुटली नव्हती.

अशा माणसाच्या लेकीनं अख्ख्या शहरातली सगळ्यात हलकी गाडी घ्यावी, याला काय म्हणावं? योगिनी तारनाक्याला दातांचा दवाखाना चालवायची. चाळिशी ओलांडलेली, मुलगा कॉलेजात, नवरा पुष्कर मूळचा पुण्याचा, संगणकातला माणूस. गाडी त्यानंच पुण्यातल्या एका शौकिनाकडे शोधून दिली होती. दोन सीट, बुटकी, हळदीसारखी पिवळी. अंग फायबरचं, खाली ॲल्युमिनियमची चौकट, इंजिन पाठीमागं. आत गालिचा नाही, हात टेकायला जागा नाही, काचा हातानं फिरवून खाली घ्यायच्या. एसी होता, पण हैदराबादच्या उन्हापुढं तो बिचारा नुसता सुस्कारे टाकायचा. वजन म्हणाल तर सातशे किलोच्या आत.

योगिनीला मात्र गाडीनं पहिल्याच दिवशी वेड लावलं. सीटवर बसायचं म्हणजे जवळजवळ जमिनीवर मांडी घातल्यासारखंच. आबिड्सच्या सिग्नलला बसचं टायर तिच्या कानाशी यायचं आणि रिक्षासुद्धा उंच वाटायची. स्टिअरिंग जागच्या जागी फिरवताना दंड भरून यायचे, पण गाडी हलली रे हलली, की तेच स्टिअरिंग बोलायला लागायचं. टायरखाली खडा आला, तळहाताला कळायचं. डांबर संपून सिमेंट लागलं, बोटांना कळायचं. दातातली कीड बोटांच्या टोकांनी ओळखणारी बाई ती, तिला दुसरं काय पाहिजे होतं? रविवारी सकाळी बाहेरच्या रिंगरोडवर वळणाआधी तिनं नुसतं मनात आणलं आणि गाडी वळली सुद्धा. त्या दिवशी घरी येऊन ती पुष्करला म्हणाली, "इतकी वर्षं मी गाड्या नाही, कपाटं चालवत होते रे."

सिग्नलला पोरं फोटो काढायची. एकदा शेजारच्या बसमधल्या कंडक्टरनं खिडकीतून वाकून विचारलं, "अम्मा, ये गाडी है की खिलौना?" योगिनी म्हणाली, "खिलौना है. मेरा है." हे सांगताना तिला जो आनंद झाला, तो डॉक्टरकीची पाटी लागली तेव्हाही झाला नव्हता. स्वतःच्या कमाईनं, स्वतःच्या हौसेनं, कुणाच्याही उपयोगाचा विचार न करता घेतलेली ती तिची पहिलीच वस्तू होती. अभिमान वाटत होता तिला, आणि का वाटू नये?

फक्त एकच गोष्ट राहिली होती. गाडी अजून अप्पांच्या, म्हणजे हिम्मतरावांच्या दारात उभी राहिली नव्हती.

आणि या घरात दाराला फार मान. दसऱ्याला घरातलं प्रत्येक वाहन हिम्मतरावांच्या फाटकासमोर रांगेत उभं राहणार. योगिनीची आई पद्मावतीबाई ओवाळणार, झेंडूचे हार पडणार, चाकाखाली लिंबं चिरडणार. देगलूरहून आलेला पहिला ट्रॅक्टर याच रांगेत उभा होता, दुकानाचा टेम्पो होता, योगिनीची कॉलेजातली लूना होती. हर्षवर्धनची सात माणसांची धिप्पाड गाडी तर दर वर्षी सगळ्यात पुढं. रांगेत नाही ते वाहन घरचं नाही, असा सरळ हिशेब होता.

आता दारात यायला अडचण कसली? तर हिम्मतरावांचीच. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी एक स्पीड ब्रेकर करवून घेतला होता. काही वर्षांपूर्वी समोरच्या तेलुगू आजींना, सत्यवतीगारूंना, एका सुसाट मोटरसायकलनं उडवलं आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा हिम्मतराव वसाहतीच्या संघाचे अध्यक्ष. चपला झिजवून त्यांनी ब्रेकर मंजूर करून आणला. झाला तो निघाला चपातीएवढा. हिम्मतरावांनी तो चपलेनं ठोकून बघितला, "ह्यॅ" म्हणाले, आणि स्वतःच्या पैशानं सिमेंट आणून त्यावर असा थर चढवला की रिक्षावाले त्याला 'राव साब का गुट्टा' म्हणायला लागले. गुट्टा म्हणजे टेकडी. रिक्षावाले शिव्या द्यायचे, पण त्यानंतर गल्लीत कुणाला साधं खरचटलं नाही, हेही तितकंच खरं. हिम्मतरावांना त्या गुट्ट्याचा दुकानापेक्षा जास्त अभिमान होता.

योगिनी गाडी घेऊन पहिल्यांदा आली तेव्हा हे तिच्या ध्यानातच नव्हतं. जन्म गेला त्या गल्लीत, पण आजवर तिच्या गाड्यांची पोटं उंच होती. सगळी गल्ली दारात येऊन बघत होती. पुढची चाकं गुट्ट्यावर चढली, उतरली आणि पोट टेकलं. खर्रर्र असा आवाज आला की पद्मावतीबाईंच्या हातातलं ताट हललं. योगिनीनं दात आवळून गाडी मागं घेतली. तिरकी घालून बघितली, फळ्या टाकून बघितल्या. मधलं पोट टेकायचं ते टेकलंच.

हिम्मतराव काठी टेकत गाडीपाशी गेले. सगळ्यांच्या देखत त्यांनी बॉनेटवर बोट ठोकलं. टप्प. प्लास्टिकच्या ड्रमवर वाजावं तसं वाजलं. कुणीतरी हसलं.

"कशाची हाय ही?" त्यांनी विचारलं.

"फायबरची, अप्पा. हलकी असते म्हणूनच..."

"ते दिसायलंय," एवढंच बोलून ते घरात निघून गेले.

त्या टप्पनं योगिनीला जे लागलं ते खालच्या खरचटण्यानं लागलं नव्हतं. रागावले असते तर ती भांडली असती. ते लाजले होते. लेकीच्या वस्तूपायी बाप गल्लीसमोर लाजला, हे तिला रात्रंदिवस टोचत राहिलं. पुष्कर म्हणाला, "दसऱ्याला माझी गाडी नेऊ ना, काय बिघडतं?" ती म्हणाली, "तुझी ने. पण माझीही जाईल. रांगेत उभी राहील किंवा गुट्ट्याच्या अलीकडे उभी राहील, पण जाईल."

दसऱ्याच्या सकाळी ती आली आणि गुट्ट्याच्या अलीकडे थांबली. पलीकडे फाटकासमोर रांग लागली होती. हर्षवर्धनच्या गाडीला हार घालून झाला होता. तो लांबूनच ओरडला, "ताई, चालत ये की. हिला काय, पिशवीत घालून आण." योगिनी हसली, पण गाडीतून उतरून तिथंच उभी राहिली. पद्मावतीबाई ताट घेऊन फाटकात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. "मी तिकडं जाऊन ओवाळू का?"

"दारातलं दारात," हिम्मतराव म्हणाले. "रस्त्यावर ओवाळायला ती काय परक्याची हाय का?"

आता बघा, या वाक्यात राग होता की माया, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. पद्मावतीबाई मात्र ताट घेऊन फाटकातच थांबल्या.

इतक्यात अनिल आला. संघाचा आताचा अध्यक्ष, कोपऱ्यावर त्याचं घराचं बांधकाम चाललेलं. येताना तिथली पहार आणि घण घेऊनच आला. योगिनीला म्हणाला, "अक्का, कायको टेन्शन? वरचा थर काढून टाकतो. अर्ध्या तासात तुमची गाडी दारात. वैसे भी, सब लोग कंप्लेंटच करायलेत याच्याबद्दल." त्यानं पहारीचं टोक गुट्ट्यावर टेकवलंसुद्धा.

योगिनीनं पहार धरली. "नक्को, अनिल."

"अरे, हौ बोलो ना, अक्का. रावसाबांना मी सांगतो."

"त्यांना विचारायचंच नाही. हा गुट्टा त्यांनी केलाय. सत्यवतीगारू याच्यामुळे संध्याकाळी बिनघोर रस्ता ओलांडतात. माझ्या हौसेसाठी याचा टवकासुद्धा उडवायचा नाही. गाडी राहू दे अलीकडेच. मी आपली चालत जाते."

सुट्टीचा दिवस, गल्ली शांत, आणि हिम्मतराव फाटकाबाहेर काठी टेकून उभे. शब्द न शब्द त्यांच्या कानावर पडला.  त्यांनी काठी भिंतीला लावून ठेवली आणि तरातरा चालत आले. गुडघेदुखीचा माणूस, पण चालला खरा. अनिलच्या हातातून पहार घेऊन बाजूला टाकली आणि लेकीला विचारलं, "वजन किती म्हणालीस गाडीचं?"

"सातशेच्या आत, अप्पा."

"तुझ्या जन्माच्या आधी आम्ही दुकानात याहून जड इंजिनं उचलून टेम्पोत घातलीत. चालत येत नाही तर उचलून आणू की." आणि मागं वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक दिली, "नईमभाई, जरा आओ. हर्ष्या, हसत काय उभा राहिलास, ये इकडं."

नईमभाई हे शेजारी, हिम्मतरावांच्या दुकानावरचे जुने सोबती. ते बाह्या सावरत आले. हर्षवर्धन आला, पुष्कर आला, अनिल आला, समोरच्या इमारतीतले भाडेकरू आले. सत्यवतीगारू खुर्ची घेऊन दारात येऊन बसल्या. सगळे गाडीभोवती जमले आणि जो तो जिथं हात पुरेल तिथं धरायला लागला. तेव्हा योगिनी पुढं झाली.

"अंगाला कुणी हात लावायचा नाही, फायबर तडकेल. खाली वाका. दाराच्या खाली चौकट लागेल, तिला धरा. इंजिन मागं आहे, ताकदीची माणसं मागं या."

हिम्मतरावांनी लेकीकडे बघितलं. दुकानात हमालांना ते स्वतः असंच सांगायचे, अगदी याच सुरात. मग ते वाकले आणि चौकटीला हात घातला.

"अप्पा, तुम्ही नको," योगिनी म्हणाली.

"तू सांग कधी उचलायचं ते."

तिनं सांगितलं आणि गाडी उचलली गेली. अशी अलगद उठली की माणसं चकित होऊन एकमेकांकडे बघायला लागली. लग्नात मामा नवरीला मांडवात नेतो तशी ती पिवळी गाडी गुट्ट्यावरून पलीकडे गेली आणि खाली टेकली. ना ओरखडा, ना आवाज. गुट्टा होता तसाच होता. नईमभाई कंबर धरून म्हणाले, "क्या चीज लाये बेटी, फूल के माफिक है."

हिम्मतराव धापा टाकत होते. त्यांनी पुन्हा बोट वाकवलं, बॉनेटवर ठोकलं. टप्प. मग तोच हात पसरून त्यांनी बॉनेटवरून फिरवला. "एवढं हलकं करायला डोकं लागलं असेल बनवणाऱ्याला," ते म्हणाले. "जड तर कुणीबी करतंय." उभ्या हयातीत हे वाक्य त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. योगिनीला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

हर्षवर्धननं आपली धिप्पाड गाडी स्वतःच मागं घेतली. पिवळी गाडी रांगेत सगळ्यात पुढं उभी राहिली. पद्मावतीबाईंनी ओवाळलं. बॉनेट इतकं खाली की त्यांना कुंकू लावायला वाकावं लागलं, आणि पिवळ्यावर पिवळे झेंडू घातले ते दिसेचनात. लिंबं मात्र चारही चाकांखाली नीट चिरडली.

घरातल्या वडीलधाऱ्यानं नव्या गाडीतून पहिली फेरी मारायची, हीही रीतच. हिम्मतराव दार उघडून उभे राहिले. आधी एक पाय आत, मग कंबर, मग "आई गं", मग दुसरा पाय. पुष्करनं खांद्याला आधार दिला. एकदा बसल्यावर त्यांनी आत सगळीकडे बघितलं आणि काच फिरवायचा दांडा फिरवून बघितला. "आमच्या टेम्पोला होता असाच," ते खूश होऊन म्हणाले.

योगिनी बसली, गाडी सुरू केली आणि दोघं गुट्ट्याशी येऊन थांबले.

"अप्पा, उतरावं लागेल. पुन्हा उचलायची आहे."

हिम्मतरावांनी आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. मग दांडा फिरवून काच खाली घेतली. "नईमभाई, फिर एक बार हाथ लगाओ. मी काय उतरत नाही." आणि नवरदेवासारखे ताठ बसून राहिले. माणसं हसत हसत पुन्हा वाकली.

तेवढ्यात कोपऱ्यावरून एक रिक्षा आली आणि थांबली. रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "क्या हुआ साब? गाडी खराब हो गई क्या?"

हिम्मतरावांनी कोपर खिडकीबाहेर काढला.

"खराब नै हुई, मियाँ. हमारी बेटी की है. जरा उतर के हाथ लगा के देखो, कित्ती हल्की है."