'पुरे' म्हणायचं राहिलं

चौऱ्याण्णव साली मी बमरोलीला धनश्रीला पाहायला गेलो. ती होकार देईल, तर माझ्या केमिस्ट्रीच्या ज्ञानामुळेच, अशी माझी खात्री होती. तिची आई प्रमिलाबाई बट्टीवर तूप वाढू लागल्या. आम्हा खानदेशी लोकांत पाहुणा 'पुरे' म्हणेपर्यंत धार थांबत नाही.

मी म्हणालो, "तूप म्हणजे लिपिड. ग्रीक 'लिपोस'वरून आलेला शब्द. लिपोस म्हणजे स्निग्ध पदार्थ. तो पाण्यात विरघळत नाही..."

धार ओवीसारखी लांबत गेली. मी ग्रीसहून परतलो तेव्हा बट्ट्या तुपात पोहत होत्या.

"टाकू नका हं," धनश्री दारातून म्हणाली, "महिनाभराची साय आहे ती."

मी ताट चाटूनपुसून संपवलं.

"आई, बडबड्या आहे," धनश्री हसली, "पण अन्न टाकत नाही. चालेल."